गुहागरकडं किनाऱ्यावर कासव अंडी घालताना दिसलं. गावाचं नाव सांगावं का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न विचारते, मग हकीकत सांगते. फारसं कुणाला माहीत नसलेल्या एखाद्या किनाऱ्यावर दुर्मीळ प्राणी दिसला, तर त्या गावाचं नाव चारचौघांत सांगावं का? यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, व्हिडिओ टाकू, गावाचं नाव टाकू, लोकांना कळू दे. माझं मन काही तयार होत नाही.

झालं असं, फेब्रुवारीत आम्ही घरचे सगळे सांगलीहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट करत गुहागर तालुक्यात गेलो होतो. मुक्काम एका लहान गावात, घरगुती. सासूबाईंना पहाटे जाग येते, म्हणून त्यांच्याबरोबर मी आणि मुलगा समुद्रावर फिरायला निघालो. उजाडायचं होतं अजून. सुरूच्या बनातून वाळूत उतरलो तर पाण्याकडून वर आलेला रुंद माग दिसला, ट्रॅक्टरचं चाक उमटावं तसा. मुलगा म्हणाला, इथंपण कुणीतरी गाडी घातली वाटतं. पण माग नुसता वर आलेला होता, परत गेलेला नव्हता. आणि थोडं पुढं गेल्यावर वाळू उडताना दिसली.

कासव होतं. अंडी घालून झाली होती आणि मागच्या पायांनी ते खड्ड्यावर वाळू ओढत होतं. मग सगळं अंग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं आपटून वाळू चोपायला लागलं. धप, धप असा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. मध्येच थांबून मोठा श्वास सोडायचं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ओलीला वाळू चिकटली होती.

तेवढ्यात गस्तीवरचे एक कासवमित्र आले. टॉर्च जमिनीकडं धरलेला. त्यांनी हातानंच सांगितलं, मागच्या बाजूला बसा, उजेड नको, बोलू नका. सासूबाईंच्या पिशवीत कुंकवाची डबी असतेच. त्या उठायला लागल्या, तसे ते हळूच म्हणाले, ‘आजी, नमस्कार इथूनच करा, पोचतो.’ सासूबाईंनी तिथूनच हात जोडले.

पुढचं मात्र चांगलं नाही. दुसऱ्या मुक्कामाहून एक घोळका मोबाईलचे दिवे लावून आला आणि थेट कासवाच्या तोंडापुढं उभा राहिला. ते जागच्या जागी थिजलं. कासवमित्रांनी त्यांना मागं सारलं, तेव्हा कुठं ते हललं आणि समुद्राकडं निघालं. माझी शंका तिथनंच सुरू झाली. नाव सांगितलं तर असे किती घोळके जातील? तुमचं काय मत?

भडंगवाला

ताई, नाव सांगू नका. आपल्या लोकांना कळलं की शनिवारी कुंभार्ली घाटात गाड्यांची रांग, आणि कासवापेक्षा वडापावच्या टपऱ्या जास्त.

आज्जींना आमचा नमस्कार. तोही लांबूनच.

कृष्णाकाठ_पलूस

मी भिलवडी भागातला. आमच्याकडं समुद्र नाही, पण नदीचा काठ हाय आणि काठाला मगर हाय. औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ, या पट्ट्यात हिवाळ्यात ऊन चढलं की मगर मळीवर येऊन पडती. तोंड उघडं टाकून निवांत. नवख्याला वाटतं आता खातीय. तिचं आपलं अंगातली उष्णता सांभाळायचं काम चाललेलं असतं.

आता मुद्द्याचं. काही वर्षांमागं एका पोरानं आमच्या वस्तीखालच्या मगरीचा व्हिडिओ गावाच्या नावासकट टाकला. पुढच्या रविवारपासून बघ्यांची ही गर्दी. मगर हलत नाही म्हणून वरनं दगडं मारायला लागली. ती पाण्यात गेली, आणि सोमवारी आम्हाला त्याच पाण्यात मोटरीचा फूटव्हॉल्व्ह काढायला उतरायचं होतं. बिथरलेलं जनावर कुठल्या डोहात बसलंय कुणाला ठाऊक? बघणारा बघून गेला, जोखीम राहिली आमच्या गळ्यात. म्हणून माझं मत, सांगू नका.

अजिंक्यतारा

मी थोडा विरोधात बोलतो, राग मानू नका. वेळासचं नाव झालं नसतं, तर आज कोकणात कासवं वाचवणारी एवढी गावं दिसली असती का? मंडणगड तालुक्यातलं हे लहानसं गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची मंडळी समुद्री गरुडाचा अभ्यास करत तिथं गेली होती, तेव्हा कासवाची अंडी खणून नेलेली त्यांना दिसली. 2002 साल होतं ते. तिथून काम उभं राहिलं, पुढं कासव महोत्सव सुरू झाला, आणि पूर्वी जिथं अंडी खाल्ली नि विकली जायची तिथं आज घरोघरी पाहुणे उतरतात. गावाला चार पैसे मिळाले म्हणून गाव राखणीला उभं राहिलं. लपवून ठेवलं असतं तर हे झालं असतं का?

वाईकर

अजिंक्यतारा, वेळासचा विषय काढलात म्हणून राहवत नाही. ते नाना फडणवीसांचं मूळ गाव. नानांचा जन्म साताऱ्याचा, 1742 सालचा, आणि कृष्णाकाठी मेणवलीला वाडा आणि घाट त्यांचाच. आम्ही लहानपणी त्याच घाटावर पोहायला शिकलो. म्हणजे वेळास आणि आपला कृष्णाकाठ यांचं नातं कासवांच्याही आधीचं आहे. अवांतराबद्दल क्षमस्व.

भडंगवाला

वाईकर, आता वसईहून आलेल्या मेणवलीच्या घंटेवर जाऊ नका, धागा वसईला पोचेल.

वाईकर

जाणारच होतो!

प्राणीशास्त्र_कराड

विश्रामबागकर ताई, तुम्ही जे पाहिलंत ते फार थोड्यांना दिसतं. वर्णनावरून ते ऑलिव्ह रिडले कासव. आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या अंडी घालायला येतात, बहुतेक रात्रीच. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, खड्डा दीडेक फुटाचा, वर अरुंद आणि खाली फुगीर. अंग आपटून वाळू चोपण्याची ती लकब रिडले जातीचीच. मोठी समुद्री कासवं असं करत नाहीत, वाळू उडवून जागा लपवतात.

डोळ्यांतलं पाणी म्हणजे रडणं नव्हे. समुद्रात राहायचं तर अंगात मीठ जातं, ते डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. पाण्यात असताना ते आपल्याला दिसत नाही, वाळूवर दिसतं.

उजेडाचं सांगतो, कारण मुद्दा तिथंच आहे. मादी वर येताना उजेड दिसला तर अंडी न घालताच परत फिरते. आणि पिल्लं बाहेर पडतात तेव्हा जिकडं क्षितिज उजळ, तिकडं धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती उजळ बाजू समुद्राची. हॉटेलचे दिवे लागले की पिल्लं रस्त्याकडं जातात, मग कुत्री आणि कावळे आहेतच. त्यामुळं गर्दीपेक्षा दिव्यांचा धोका मोठा, असं मी म्हणेन.

माणदेशी

सर, एक साधी शंका. आमच्या आटपाडीकडं जुन्या विहिरीत कासव असायचं. हात लावला की मान आत. ताईंनी सांगितलेलं कासव घोळका पुढं आला तरी मान आत का घेत नव्हतं?

प्राणीशास्त्र_कराड

छान प्रश्न. त्याला घेताच येत नाही. समुद्री कासवाची मान आणि पाय कवचात जात नाहीत. पोहण्यासाठी अंग निमुळतं झालं, त्यात ती सोय गेली. म्हणजे वाळूवर आलेली मादी अगदी उघडी असते, लपायला तिच्याकडं काही नाही. वेगही नाही.

विहिरीतलं कासव गोड्या पाण्याचं, वेगळ्या जातीचं. जाता जाता सांगतो, तेसुद्धा पकडून विहिरीत, टाकीत ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि कुणी पुण्य म्हणून तळ्यातलं कासव समुद्रात सोडू नका. ते खाऱ्या पाण्यात मरतं.

चिपळूणची_लेक

माझं माहेर चिपळूणजवळ, सासर मिरजेला, म्हणून दोन्हीकडून बोलते.

तुम्हाला भेटले ते कासवमित्र म्हणजे गावचीच माणसं. हंगामात पहाटे सगळा किनारा पायी पालथा घालतात. माग दिसला की काठीनं वाळू चाचपून घरटं शोधायचं, अंडी काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तसाच खड्डा करून पुरायची. वर पाटी, तारीख, अंड्यांचा आकडा. हे काम काही तासांत व्हावं लागतं. नंतर अंडं हललं तर आतला जीव जगत नाही. पुढं पन्नासेक दिवसांनी वरची वाळू खचल्यासारखी दिसली की पिल्लं येणार हे कळतं. घरट्यावर टोपली झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

दुसरं, मच्छीमारांना कुणी नावं ठेवू नका. कासव जाळ्यात अडकलं तर जाळं कापून सोडावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्यांचं पोट. 2018 पासून शासन अशा जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्याआधीही जाळं कापणारे होतेच, पदरचं नुकसान सोसून. माझे काका त्यातले. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

कृष्णाकाठ_पलूस

ताई, तुमच्या काकांना माझा रामराम सांगा.

सर, अंडी उचलून दुसरीकडं नेणं बरं की जागेवर राखणं बरं? आमच्या मगरीचं बघा. उन्हाळ्यात ती काठाच्या वाळूत खड्डा काढून पंचवीस-तीस अंडी घालती, पण सोडून जात नाही. राखण करती. पिल्लांनी आतनं आवाज दिला की स्वतः उकरती आणि तोंडात धरून पाण्यात सोडती. कासवाची आई तर निघून जाती.

प्राणीशास्त्र_कराड

जागेवर राखता आलं तर ते उत्तम, यावर आता बहुतेकांचं एकमत आहे. कारण वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी ते ठरतं. कासवात वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. मगरीतही उष्णतेवरच ठरतं, गणित मात्र वेगळं. कुंपणातल्या सगळ्या घरट्यांना एकाच जातीचं ऊन मिळालं की पिल्लंही एकाच बाजूची व्हायचा धोका. पण जिथं कुत्री, कोल्ही आहेत किंवा भरतीचं पाणी घरट्यावर येतं, तिथं हलवण्यावाचून इलाज नसतो.

तुमच्या नदीला तेच लागू. वाळू उपसून काठ तुटले तर मगरीनं खड्डा कुठं काढायचा?

कृष्णाकाठ_पलूस

बरोबर हाय. ती मग सरळ शेताच्या बांधाला येती आणि आम्ही म्हणतो मगर गावात शिरली.

हरिपूरचा_संगम

माझं वय झालं, थोडं वेगळं बोलतो. संतवाङ्मयात कासवीचा दृष्टांत जागोजागी येतो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. तसा देव भक्ताला सांभाळतो. लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. इथं वाचलं की ती पिलांकडं वळूनही बघत नाही. मन जरा खट्टू झालं.

पण संगमेश्वराच्या देवळात जाताना विचार केला. गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार केल्याशिवाय आपण आत जात नाही. ही श्रद्धा जिवंत कासवाच्या कामी यावी एवढंच वाटतं. विश्रामबागकर ताई, तुमच्या सासूबाईंनी कुंकू लावायला जाणं मला चुकीचं वाटलं नाही. त्या थांबल्या हे त्याहून मोठं.

अजिंक्यतारा

काका, श्रद्धेचा उपयोग होतो हे मान्य, पण उत्साहात लोक काय करतील सांगता येत नाही. अंगावर हळद, कुंकू, फुलं वाहिली तर त्या जिवाला ताप. भाव मनात ठेवावा, हात मागं. कासवमित्र बोलले ते वाक्य फलकावर लिहून किनाऱ्यावर लावायला हवं.

चिपळूणची_लेक

हरिपूरचे काका, एक सांगू? ती वळून बघत नाही हे खरं, पण जागा निवडताना किती फिरते. कधी वर येते, वाळू उकरून बघते, पसंत पडत नाही, तशीच परत जाते. नंतर पुन्हा येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या, भुसभुशीत वाळूतच घालते. पिलांसाठी जे करायचं ते ती आधीच करून जाते. कीर्तनकारांनी हे सांगितलं तरी दृष्टांत उभा राहील.

हरिपूरचा_संगम

लेकी, हे मी लिहून ठेवलं.

सांगली_सायकल

गुहागरचा विषय चाललाय म्हणून सांगतो. जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला. तो तिला 2021 मध्ये ओडिशात लावलेला होता! सगळा दक्षिण किनारा वळून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. त्याआधी 2023 मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती, तेव्हा तिचा नकाशा मी रोज उघडून बघायचो. पूर्वी पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं धरायचे. या दोघींनी ते पुसून टाकलं.

तुम्ही पाहिलेल्या कासवाच्या पायाला बिल्ला होता का?

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बिल्ला नव्हता. कासवमित्रांनी पुढचे दोन्ही पाय नीट बघितले होते, का ते आता कळलं. कवचाची लांबी-रुंदीही टेपनं मोजली, ती परत निघाल्यावर, चालता चालता.

मीठ बाहेर पडण्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘असेल. पण एवढी सव्वाशे अंडी घालून झाल्यावर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल.’

माणदेशी

आज्जींचं खातं उघडून द्या इथं.

तासगावची_द्राक्षं

उशिरा येतेय, सगळं वाचलं. मूळ प्रश्न बाजूला पडला असं वाटलं म्हणून लिहिते.

अजिंक्यतारांचं वेळासचं उदाहरण खरं आहे, पण तिथं क्रम उलटा होता. आधी राखण उभी राहिली. गस्त, कुंपण, नोंदी, गावाची संमती, सगळं झाल्यावर मग पाहुणे बोलावले. तेही पिल्लं सोडताना, ठरल्या वेळी, दोरीच्या मागं उभं करून. अंडी घालणारी मादी बघायला कुणी गर्दी बोलावत नाही. ताईंच्या गावात गस्तीला एकच माणूस, आणि तो एक घोळका आवरताना त्याची ती धावपळ. अशा ठिकाणाचं नाव बाहेर गेलं तर तो एकटा कुणाकुणाला मागं सारणार? तेव्हा नाव सांगायचं की नाही हे त्या गावानं ठरवावं, आपण सांगलीत बसून नाही.

अजिंक्यतारा

हे पटलं. माझा आग्रह गाव तयार असेल तर आहे, इतकंच.

भडंगवाला

पण ताई, मुलाचा हिरमोड करू नका. व्हिडिओ राहू दे, नाव काढा. मागं डोंगर, देऊळ, जेट्टी काही दिसत असेल तर तेवढा भाग कापा, लोक त्यावरूनही गाव ओळखतात. आणि मोबाईलमधलं लोकेशन बंद करून मगच टाका.

कृष्णाकाठ_पलूस

आणि खाली लिहा, असं जनावर दिसलं तर काय करायचं. लांब राहायचं, दिवा बंद, कुत्रं सोबत असेल तर बांधायचं, गावातल्या माणसाला सांगायचं. माणूस नाही मिळाला तर वनखात्याचा 1926 हाय, महाराष्ट्रात कुठूनही लागतो. मगरीला पण तोच नंबर.

विश्रामबागकर

तासगावच्या ताई, तुमचं वाचून आमच्या घरातला वाद मिटला. काल मुलानं स्वतःच कासवमित्रांना फोन केला आणि विचारलं. ते म्हणाले, नाव सध्या नको, कुंपणाला जाळी मिळायची आहे आणि गस्तीला पोरं अजून दोनच आहेत. व्हिडिओ मात्र त्यांनीच मागून घेतला, शाळेत दाखवायला. तर नाव सांगत नाही. मुलगा सुरुवातीचा देवळाचा भाग कापून, पलूसच्या दादांनी सांगितलेल्या चार ओळी खाली घालून इथं टाकेल.

जाळीसाठी वर्गणी काढायची असेल तर मी कळवते, पण आधी त्यांना विचारून.

भडंगवाला

माझे धरा. शनिवारी गाडी न काढता वाचलेलं डिझेल.

माणदेशी

माझेही. आणि पोरांना पिल्लं दाखवायची आहेत, आमच्याकडं पाणीच नाही तर कासव कुठलं. वेळासला किंवा आंजर्ल्याला महोत्सवाला जायचं तर कधी निघायचं?

चिपळूणची_लेक

दादा, तारखा पिल्लं कधी निघतील त्यावर ठरतात, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. जाहीर झाल्या तरी निघायच्या आदल्या दिवशी तिथं फोन करून घरटं फुटतंय का विचारा. एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नका, मुक्काम ठेवा. कधी सकाळी टोपली रिकामी निघते आणि संध्याकाळी भरलेली. पोरांना गडद कपडे घाला. आटपाडीहून कराडला आलात की मला कळवा, आम्ही मिरजेहून निघणारच आहोत, कुंभार्ली घाट सोबत उतरू.